दहा काडतुसं, नऊ ठसे

१

फोटो काढण्यासाठी सगळे त्या पोलादी रानरेड्याभोवती जमले आणि मार्लीन ओटिसने खडू घेऊन ठसे मोजायला सुरुवात केली. तोवर वायोमिंगमधल्या सेज बेंचच्या माळावर नुसता आनंदीआनंद होता. एक्याऐंशी वर्षांच्या इनॉक सोर्लीने चोवीस वर्षांत पहिल्यांदाच, दोन दिवसांच्या सामन्यात एकही नेम न चुकवता शेवटचा डाव संपवला होता. लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. पाद्री गुंडरसनबाबांनी तर भरल्या डोळ्यांनी त्याला मिठीच मारली होती.

जुन्या काळच्या बंदुकांनी नेमबाजी करणाऱ्या या क्लबात एक जुनी चाल आहे. जो सबंध सामन्यात एकदाही चुकत नाही, त्याला चांदीचा एक छोटा बिल्ला मिळतो, आणि त्याने शेवटी ज्यावर गोळ्या झाडल्या त्या पोलादी पत्र्याबरोबर त्याचा फोटो निघतो. पत्रा रेड्याच्या आकाराचा असतो आणि त्याला आधी पांढरा रंग दिलेला असतो. शिशाची गोळी आपटली की रंग उडतो आणि करड्या चांदणीसारखा ठसा उमटतो. त्या प्रत्येक ठशाशेजारी खडूने आकडा घालायचा आणि मग फोटो काढायचा.

"सात, आठ, नऊ..." मार्लीन म्हणाली आणि तिचा खडू हवेतच राहिला. तिने वाकून रेड्याचं पोट पाहिलं, शेपूट पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दहावा कुठाय?"

ऑपल ट्रास्क पुढे झाली आणि तिने स्वतः मोजलं. ऑपल सहासष्ट वर्षांची. चाळीस वर्षं या जिल्ह्यात ती गुरांवरच्या डागण्या तपासणारी सरकारी निरीक्षक होती. चोरलेल्या कालवडीवर दुसऱ्याने मारलेल्या खुणेखालची मूळ खूण तिला नुसत्या बोटांनी कळायची. शिवाय इनॉकच्या या शेवटच्या डावाला असलेल्या तीन पंचांपैकी ती एक होती. तिनेच हात वर करून ओरडून सांगितलं होतं, "एकही चूक नाही!"

ठसे नऊच होते.

"पंचांनी चूक धरलेली नाही," मागून डावाची वेळ नोंदणाऱ्या व्हर्जिल स्ट्राउडचा आवाज आला. "पंचांचा शब्द शेवटचा. फोटो काढा आणि जेवायला चला. चिली निवतेय."

हे व्हर्जिलने म्हणावं? ज्या माणसाने गेल्या वर्षी सख्ख्या मेव्हण्याला जुन्या पोशाखाच्या नियमातली हॅट डोक्यावर नाही म्हणून डावातून बाहेर काढलं, त्याने नियमावर असं पांघरूण घालावं? ऑपलने त्याच्याकडे पाहिलं, पण तो आपल्या घड्याळाशी चाळा करत होता.

इनॉक मात्र एव्हाना पत्र्यासमोर आला होता. त्याने कानांत श्रवणयंत्रं बसवली, चष्मा पुसला आणि प्रत्येक ठशावर बोट ठेवत तो पुटपुटत मोजत गेला.

"ऑपल, पोरी," तो शेवटी म्हणाला, "तू जन्मभर दुसऱ्यांच्या खुणा वाचल्यास. आता ही माझी वाच. पाच वाजता हे लोक माझ्या छातीवर बिल्ला लावणार. तो माझा आहे का नाही, ते पाचच्या आत मला सांग."

"आणि नसला तर?"

"नसला तर नसला. न कमावलेली गोष्ट छातीवर मिरवून मी टूसॉनला जाणार नाही."

सगळ्यांना ठाऊक होतं की हा त्याचा शेवटचा सामना. येत्या हिवाळ्यात तो वायोमिंग कायमचं सोडून मुलीकडे ॲरिझोनात, टूसॉनला राहायला जाणार होता. घड्याळात सव्वातीन झाले होते.

२

इनॉकची रायफल म्हणजे १८७३च्या विंचेस्टरची हुबेहूब नक्कल. अस्सल रायफली दीडशे वर्षांपूर्वीच्या, आणि हिला इटलीत घडवून तीस वर्षं झालेली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आणि जिथे इनॉकचा गाल टेकतो तिथे तो काळसर होऊन गुळगुळीत झालेला. चापाखालची लिव्हर एकदा खाली-वर केली की आत पितळी ठोकळा वर येतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, नवं काडतूस नळीत जातं आणि मागचा घोडा आपोआप उभा राहतो. हे सगळं एका झटक्यात, आणि त्याचा आवाज असा की ऐकत राहावंसं वाटतं. इनॉकने ती सत्तावन्नाव्या वर्षी, बायको गेल्यानंतरच्या वसंतात घेतली. मैदानावर प्रत्येकाला एक टोपणनाव असतं. त्याने स्वतःचं नाव ठेवलं ‘उशिरा आलेला’.

व्हर्जिलचं टोपणनाव ‘अस्सल’. त्याच्याकडे पणजोबांची खरीखुरी १८७३ची रायफल आहे आणि तो तिचा अभिमान दिवसातून सहा वेळा बोलून दाखवतो. "नक्कल ती नक्कल," हे त्याचं पालुपद. चोवीस वर्षांत त्याने इनॉकच्या रायफलीला एकदाही हात लावलेला नव्हता. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

आजचा डावही साधाच. सत्तर पावलांवर रेडा आणि रायफलीत दहा काडतुसं. इनॉक जुन्या पद्धतीची काळी दारू वापरतो, त्यामुळे पहिल्याच बाराला पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि माणूस त्यात गडप होतो. ऑपलला आठवलं: धुरातून ती लिव्हर एका लयीत चालत होती, बार, टण्ण, बार, टण्ण, आणि म्हाताऱ्याचे वाकलेले खांदे त्या लयीत अगदी तरुण दिसत होते. मधे कुठेतरी, सहाव्या बारानंतर असेल, लय किंचित अडखळली होती. धूर विरळ व्हायची वाट बघत असेल असं तेव्हा तिला वाटलं होतं. मग पुन्हा बार, टण्ण, आणि लोकांचा एकच कल्ला. असं काही पाहायला मिळावं म्हणून तर माणसं शंभर शंभर मैल गाडी हाकत इथे येतात.

आता ती पत्र्यासमोर गुडघे टेकून बसली. पहिली शक्यता साधी होती. गोळी काठाला लागली असेल, म्हणून समोर ठसा नाही. तिने बोट लावून सगळा काठ चाचपला, शिंगांपासून खुरांपर्यंत. काठावरचा रंग अखंड होता, शिशाचा कणही नव्हता.

दुसरी शक्यता जास्त गोड होती. दोन गोळ्या एकाच जागी बसल्या असतील. पण एका ठशावर दुसरी गोळी आली की पहिली चांदणी पुसली जाते, मधला खळगा दुप्पट होतो आणि कडेला शिशाची दुसरी झालर उठते. ऑपलने खिशातलं नाणं एकेका ठशावर ठेवून पाहिलं. नऊही ठसे एकाच मापाचे होते. कुठे दुसरी झालर नव्हती.

म्हणजे रेड्याला नऊच गोळ्या लागल्या होत्या. मग तिने, ऑपल ट्रास्कने, धडधडीत खोटा निकाल दिला होता का?

३

"रंग कोणी पुन्हा फासला असेल, हे डोक्यातून काढून टाक," मार्लीन म्हणाली. ती चिलीच्या, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, पातेल्यात डाव फिरवत होती. शेजारी दालचिनीचे गोड पाव रचून ठेवले होते, कारण त्यांच्याशिवाय चिली म्हणजे इथे शिक्षाच. "इनॉकच्या आधी मी स्वतः हात मारला. नंतर आपण सगळे बरोबरच तिथे गेलो. माझ्या हाताला अजून रंग आहे, बघ."

"तू डावीकडून पंच होतीस. काय दिसलं?"

"धूर दिसला. आणखी काय दिसणार? वारा माझ्याकडे होता. मी कानांनीच काम चालवलं."

"दहा वेळा टण्ण ऐकलंस?"

मार्लीनचा डाव पातेल्यात थांबला. "ऐकलं असणारच की. चुकल्याचं तर एकदाही ऐकलं नाही. चुकली असती तर मागच्या बांधावर मातीत धप्प झालं असतं."

"दहा मोजलेस का, एवढंच विचारतेय."

"तू मोजलेस?" मार्लीनने उलट विचारलं आणि डाव पातेल्यावर आपटला. "मला गुन्हेगारासारखं विचारू नकोस हं, ऑपल. तो बिल्ला मिळावा म्हणून मी रोज प्रार्थना करते. पण त्याच्यासाठी खोटं बोलले नसते. इनॉकने मला परत जवळ उभं केलं नसतं."

तिसरे पंच पाद्री गुंडरसनबाबा. काडतुसं भरायच्या टेबलावरही तेच होते. तिथे प्रत्येकाची काडतुसं कोणीतरी मोजून भरून घेतं, असा दंडक आहे.

"बाबा, रायफलीत दहाच गेली? नऊ तर नव्हती?"

"मी देवाच्या दहा आज्ञा म्हणत मोजतो, बाई," बाबा म्हणाले. "एका काडतुसाला एक आज्ञा. पस्तीस वर्षं झाली. तुला काय वाटतं, एखादी आज्ञा मी गाळली? ‘चोरी करू नको’च्या वेळी इनॉकला खोकला आला, म्हणून मी ती दोनदा म्हणालो. काडतूस मात्र एकच गेलं."

"आणि डाव संपल्यावर? रायफलीत एखादं उरलं होतं?"

"लिव्हर उघडी, नळी रिकामी, आतला कोठा रिकामा. करंगळी घालून पाहिली." त्यांनी काळी पडलेली करंगळी दाखवली. "दहा आत गेली, दहा बाहेर आली. पुंगळ्याही दहा आहेत. व्हर्जिलने जमिनीवरच्या गोळा करून इनॉकच्या हॅटमध्ये घातल्या, तेव्हा मी पाहिल्या. पोरी, कधीकधी प्रभूची करणी आपल्याला कळत नाही."

"प्रभू पत्र्यावरचे ठसे पुसत नाही, बाबा."

"तसा उल्लेख वाचनात नाही खरा," बाबांनी कबूल केलं.

दहा काडतुसं आत गेली, एकही उरलं नाही, दहा पुंगळ्या बाहेर पडल्या, गोळ्या लागल्या नऊ, आणि चुकली एकही नाही. ऑपल कॉफीचा पेला घेऊन बाकावर बसली. चाळीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. कळपाचा हिशेब जुळत नसेल, तर सगळे ज्याला आपलं समजून चाललेत असं एखादं जनावर परकं असतं.

ती ताडकन उठली आणि इनॉकच्या, रायफल ठेवायच्या हातगाडीकडे गेली.

४

हॅट रायफलीच्या हातगाडीवरच होती आणि तिच्यात दहा पुंगळ्या होत्या. इनॉक थोडा लांब, किटलीतलं गरम पाणी नळीतून ओतत रायफल धुवत होता. काळी दारू वापरणाऱ्याला ते लगेच करावं लागतं, नाहीतर लोखंडाला गंज धरतो. गढूळ पाणी नळीतून गवतावर पडत होतं आणि तो त्या रायफलीशी काहीतरी पुटपुटत होता.

ऑपलने पुंगळ्या एका रांगेत उभ्या केल्या. दहाही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या. डोळ्यांनी काही वेगळं दिसेना. मग तिने पहिली उचलून नाकाशी नेली. सडक्या अंड्याचा वास. काळ्या दारूचा वास असाच असतो आणि तो लपत नाही. दुसरीला तोच वास. तिसरीला तोच.

आठवीला वासच नव्हता.

तिने ती उन्हाकडे तोंड करून धरली. बाकीच्या नऊ आतून कोळशासारख्या काळ्या होत्या. ही आतून नुसती करडी होती. ही पुंगळी आजकालच्या बिनधुराच्या दारूची. इनॉकने उभ्या जन्मात ती दारू वापरली नव्हती.

ऑपलने पुंगळ्या उलट्या केल्या. काडतुसाच्या बुडाशी एक टिकली असते. घोडा पडला की खिळा त्या टिकलीवर बसतो आणि बार उडतो. तिथला खळगा म्हणजे रायफलीची सहीच. परक्या पुंगळीवरचा खळगा खोल आणि खणखणीत होता. इनॉकच्या नऊ पुंगळ्यांवरचे खळगे मात्र उथळ होते, कोणी भीत भीत बोट टेकवावं तसे.

तिच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. तिने मार्लीनला विचारलेला प्रश्न तिने स्वतःलाच विचारायला हवा होता. दहा टण्ण मोजलेस का? नाही. कोणीच मोजले नव्हते. या खेळात पंच कधी लागलेल्या गोळ्या मोजतच नाहीत. ते मोजतात चुकलेल्या. तिन्ही पंचांनी जीव ओतून चुका ऐकल्या होत्या आणि चूक एकही झाली नव्हती. जी गोळी उडालीच नाही, ती चुकणार कशी?

एक काडतूस उडालंच नव्हतं. उथळ ठोका, टिकली पेटली नाही, आणि लयीत असलेल्या म्हाताऱ्याने लिव्हर ओढून ते तसंच बाहेर टाकलं. कानांतली यंत्रं काढलेली, भोवती धूर, आणि लोकांचा कल्ला. ती सहाव्यानंतरची अडखळ तीच होती. न उडालेलं काडतूस जमिनीवर पडलं की नियमाने ती चूक. पण जमिनीवर तसं काडतूस कोणाला सापडलं नाही. ते कोणीतरी उचललं होतं आणि त्याच्या जागी आपली रिकामी पुंगळी टाकली होती.

मार्लीनची रायफल अडतीसच्या मापाची, पाद्रीबाबांची पंचेचाळीसच्या. इनॉकच्या मापाची पुंगळी आणि बिनधुराची दारू, असा मेळ या मैदानावर एकाच माणसाकडे होता. आणि त्या माणसाने इनॉकचं भलं करावं, हे सेज बेंचमध्ये कोणी शपथेवर सांगितलं तरी खरं वाटलं नसतं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

५

व्हर्जिल स्ट्राउड आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून पणजोबांची रायफल पुसत होता. ती आधीच लख्ख होती.

"डावाच्या वेळी घड्याळ धरून तू इनॉकच्या खांद्याशी उभा होतास," ऑपल म्हणाली. "किती बार झाले?"

"माझं घड्याळ जुनं आहे. शेवटच्या बाराची वेळ दाखवतं, बार मोजत नाही. तुला माहीत आहे."

"घड्याळाला नाही विचारलं. तुला विचारलं."

तो पुसत राहिला. ऑपलने ती पुंगळी त्याच्यासमोर फळीवर उभी केली.

"ही तुझी आहे. हिला वास नाही. तुझा घोडा दणकून पडतो, त्याचा खळगा हा असा. पुंगळ्या गोळा करायला तू वाकलास तेव्हा ही तुझ्या खिशात होती. आता ज्याच्या जागी ही टाकलीस, ते मला दे."

"तू पोलिसात जायला हवं होतंस."

"गुरं माणसांपेक्षा कमी खोटं बोलतात. दे."

व्हर्जिलने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून एक भरलेलं काडतूस काढून तिच्या तळहातावर ठेवलं. बुडाच्या टिकलीवर एक बारीकसा खळगा होता, उथळ, जेमतेम दिसेल एवढा.

"का केलंस?" ऑपलने विचारलं. तिच्या आवाजात राग होता, पण तो टिकेना.

"पहिल्यांदा वाटलं, ओरडावं," व्हर्जिल म्हणाला. "खरंच सांगतो. चोवीस वर्षं मी म्हणत आलो की ऐन वेळी नक्कल दगा देईल. आणि तो पुरावा माझ्या बुटापाशी पडलेला. मी वाकलो, ते उचललं, आणि वर पाहिलं. तो उभा होता, रायफल उघडी धरून. सगळं अंग थरथरत होतं त्याचं. चोवीस वर्षांत हा माणूस एकदाही उशिरा आला नाही. बर्फ पडो, वारा सुटो, हा हजर. मी अस्सल रायफल घेऊन सहा वेळा बिल्ला मिळवला. माझी रायफल पणजोबांनी कमावलेली. त्याची त्याने स्वतः कमावलीय. रात्रंदिवस घासून, धुऊन, झिजवून." तो थांबला. "मी ओरडलो असतो तर सगळे म्हणाले असते, व्हर्जिलने सूड घेतला. ते खरंही ठरलं असतं."

तासाभरापूर्वीपर्यंत या माणसाबद्दल ऑपलचं फारसं बरं मत नव्हतं.

"त्याला सांगू नकोस, ऑपल. दोन गोळ्या एका जागी बसल्या म्हण. तुझं म्हणणं तो मान्य करेल. जाऊ दे म्हाताऱ्याला सुखाने."

हे करणं खरोखर सोपं होतं. तिच्या एका वाक्यावर सगळं मिटलं असतं, आणि इनॉक छातीवर चांदी लावून गेला असता. तिला ते करावंसंही वाटलं. पण त्याने तिलाच का विचारलं, हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्याशी खोटं बोलणार नाही, म्हणून.

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

६

इनॉक रायफलीला तेल लावत होता. ऑपलने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. काडतूस त्याच्या हातात दिलं. व्हर्जिल दोन पावलं मागे, बुटाच्या टोकाने माती उकरत उभा राहिला.

"सातवं," इनॉक म्हणाला. "हो ना? सातवंच असणार."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कानांना नव्हतं. खांद्याला कळलं. सहा वेळा धक्का बसला आणि सातव्याला नाही. पण मग लोक ओरडायला लागले, तू हात वर केलास, आणि मला वाटलं, खांदाही म्हातारा झाला, उगाच काहीतरी सांगतोय. म्हणून तुला विचारलं, पोरी. खात्री असती तर मीच बोललो असतो."

त्याने काडतूस डोळ्यांजवळ नेलं. ते दोनदा उलटसुलट केलं आणि ऑपलला त्या क्षणी आपली सगळी हुशारी नकोशी झाली.

"वाईट वाटून घेऊ नकोस, इनॉक," व्हर्जिल घाईघाईने म्हणाला. "तुझा नेम चुकला नाही. रायफलीने दगा दिला. नकलेचं असंच..."

"खबरदार!" म्हातारा असा कडाडला की पाद्रीबाबा लांबून वळून पाहू लागले. "हिला नाव ठेवायचं नाही! चोवीस वर्षांत हिने एक ठोका चुकवलेला नाही. मी केलंय ते. मी!"

त्याने आपले हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून गाठाळ झाली होती.

"लिव्हर ओढवत नव्हती. घोड्याची स्प्रिंग ताठ, आणि या बोटांत आता काही राहिलं नाही. मार्च महिन्यात मी इथला स्क्रू ढिला केला." त्याने दस्त्याच्या मानेखालचं स्क्रूचं बारीक डोकं दाखवलं. "आधी एक आटा. परवा आणखी एक. लिव्हर लोण्यासारखी चालायला लागली. पण स्प्रिंग सैल झाली की घोडा हळू पडणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. वाटलं, एवढे दोन दिवस निभेल. मीच तिला सांगितलं, हळू मार. तिने ऐकलं. बिचारी नऊ वेळा तरी कशी उडाली, हेच नवल."

ऑपलला आता त्या उथळ खळग्यांचा अर्थ पुरता कळला. इनॉकने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन आटे, सावकाश, घट्ट पिळले. मग लिव्हर ओढून पाहिली. त्याचा चेहरा वेदनेने आखडला, पण घोडा ताठ उभा राहिला.

"आता ती पूर्वीसारखी आहे," तो म्हणाला आणि व्हर्जिलकडे वळला. "विचार."

"काय?"

"दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावायच्या आधी विचारायचं असतं. नियमांचा एवढा मोठा पंडित तू, आणि चोवीस वर्षांत मला एकदाही विचारलं नाहीस. आज विचार."

व्हर्जिलने हॅट काढली. तो लालबुंद झाला होता. "हात लावू का, इनॉक?"

"लाव."

पाद्रीबाबांना बोलावलं, मैदान रिकामं असल्याची खात्री केली, आणि व्हर्जिल रेघेवर उभा राहिला. ते सातवं काडतूस त्याने आत सरकवलं. लिव्हर खाली गेली, वर आली. बार झाला, धुराचा लोट उठला, आणि सत्तर पावलांवरून पोलाद खणखणलं.

व्हर्जिल तसाच उभा राहिला. मग त्याने रिकामी लिव्हर पुन्हा एकदा ओढली, काही कारण नसताना, आणि तिचा आवाज ऐकला. दस्त्याच्या त्या काळसर जागेवरून अंगठा फिरवला. रायफल दोन्ही हातांत आडवी धरून त्याने ती इनॉकला परत दिली.

"फार चांगली रायफल आहे ही," तो म्हणाला. त्याला ते म्हणताना कष्ट पडले, आणि ते त्याने सगळ्यांसमोर म्हटलं.

"मला ठाऊक आहे," इनॉक म्हणाला.

पाच वाजता मार्लीन बिल्ल्याची डबी घेऊन आली. ऑपलने सर्वांसमोर उभं राहून निकाल दुरुस्त केला: इनॉक सोर्ली, एक चूक. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि पाहता पाहता सगळे उभे राहिले. मार्लीनने तरीही डबी इनॉकसमोर ठेवली, पण त्याने ती उघडलीही नाही. दोन बोटांनी ती मार्लीनकडे परत सरकवली, आणि चिलीचा वाडगा समोर ओढून दालचिनीचा पाव त्यात बुडवला.

ऑपल त्याच्या शेजारी बसली. "मला माफ करा," ती हळूच म्हणाली.

"कशाबद्दल?" त्याने पाव चावत विचारलं. "मार्लीन, पुढच्या वर्षीचे सामने कधी आहेत?"

"जूनचा तिसरा शनिवार-रविवार. का हो?"

"नाही, लेकीला टूसॉनला कळवायला हवं." त्याने सुजलेली बोटं दोनदा मिटली, उघडली, आणि पुन्हा मिटली. "म्हणावं, खोली हिवाळ्यापुरतीच लागेल."